चुवाल, तोरबा, अस्मालिक : तुर्कमेन लोकरविणीचा इतिहास

पश्चिमेस कास्पियन समुद्र, पूर्वेस आमू दर्या आणि दक्षिणेस इराण-अफगाणिस्तानच्या डोंगररांगा यांच्यामध्ये पसरलेल्या काराकुम वाळवंटाच्या कडेकडेने राहणाऱ्या तुर्कमेन टोळ्यांचे लोकरी विणकाम जगाला मुख्यतः ‘बुखारा गालिचा’ या नावाने ठाऊक झाले आणि त्याच्याविषयीच्या गैरसमजांची सुरुवात या नावापासूनच झाली. बुखारा हे विक्रीचे ठिकाण होते, विणकामाचे नव्हते; तेथील बाजारात येणारा माल मुर्गाब, तेजेन आणि आमू दर्या या नद्यांच्या काठांवरील तंबूंमध्ये तयार होत असे, आणि बाजारपेठेचे नाव मालाला चिकटल्यामुळे विणणाऱ्या स्त्रियांची व त्यांच्या टोळ्यांची नावे मागे पडली. ‘गालिचा’ या शब्दानेही असाच घोटाळा केला, कारण त्यातून जमिनीवर अंथरायची वस्तू डोळ्यांसमोर येते. तुर्कमेन घरात जमिनीवर प्रामुख्याने कुटलेल्या लोकरीचे नमदे असत, मोठा गालिचा पाहुण्यांसाठी किंवा सणासमारंभाला काढला जाई, आणि विणकाम करणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यातील कितीतरी वर्षे गालिच्यापेक्षा लहान वस्तूंवर खर्च होत: कपड्यांची पोती, भांड्यांच्या थैल्या, मिठाच्या पिशव्या, दारावरचे पडदे, तंबूला बांधायचे पट्टे आणि उंटाचे साज. म्हणून या कलेचा इतिहास गालिच्यापासून लिहिण्याऐवजी पिशवीपासून लिहिणे अधिक रास्त ठरते.

या पिशव्यांची काही नावे मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाहीत. लहान, रुंद पिशवीला तुर्कमेन भाषेत ‘तोरबा’ म्हणतात. मराठीतील घोड्याचा तोबरा, आणि पुढे तोंडात घास कोंबण्याला आलेला तोबरा, हा याच शब्दाचा फारसीमार्गे आलेला भाऊबंद आहे. खोगिराच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या जोडपिशवीला ‘खोर्जून’ म्हणतात आणि तिचीच खुर्जी मराठेशाहीतल्या स्वारांच्या घोड्यांवर दिसे. चौकोनी कापडाची चारही टोके आत दुमडून केलेल्या पाकिटासारख्या पिशवीचे नाव ‘बुखचा’ असून मराठीतले बोचके त्याच कुळातले मानले जाते. जाजम हा शब्दही इराण व मध्य आशियातील पट्ट्यापट्ट्यांच्या सपाट विणीच्या ‘जाजिम’वरून आला. हे शब्द फारसी राजभाषा आणि लष्करी छावणी यांच्या वाटेने दख्खनमध्ये पोहोचले, आणि ते ज्या जगातून आले तेथे घरातील जवळजवळ सगळे सामान विणलेल्या पिशवीतच राहत असे.

तुर्कमेन स्वतःला ओघुझ या प्राचीन तुर्की समूहाचे वंशज मानतात. अकराव्या शतकात महमूद अल-काश्गरी याने तुर्की भाषांचा जो कोश बगदादमध्ये रचला त्यात ओघुझांच्या बावीस शाखांची नावे आणि त्यांच्या गुरांवर डागायच्या खुणा दिलेल्या आहेत. पुढे विणकामात प्रसिद्धी पावलेल्या सालोर टोळीचे नाव त्या यादीत सापडते. सतराव्या शतकात खीव्याचा खान अबुलगाझी याने तुर्कमेनांची जी वंशावळ लिहिली तिच्यात तेक्के, सारिक आणि योमुत या टोळ्यांचे मूळ सालोरांशी जोडलेले आहे. यांखेरीज आमू दर्याच्या काठचे एरसारी, खीव्याकडचे चौदोर आणि संख्येने लहान असलेले अरबाची ही विणकामाच्या अभ्यासात वारंवार येणारी नावे होत. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हाही तुर्कमेन म्हणवला जातो, परंतु त्याचे काराकोयुन्लू घराणे ओघुझांच्या पश्चिमेकडे, इराण आणि आर्मेनियाकडे गेलेल्या शाखेतले होते. काराकुमच्या टोळ्यांशी त्याचे नाते केवळ दूरच्या पूर्वजांपुरते आहे.

लोकरीच्या गाठी मारून लव उठवण्याचे तंत्र या टोळ्यांपेक्षा फार जुने आहे. सैबेरियातील अल्ताई पर्वतात, पाझिरिक येथील बर्फाने गोठलेल्या एका थडग्यात सर्गेई रुदेन्को या पुरातत्त्वज्ञाला १९४९ मध्ये जो गालिचा सापडला तो इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला असून त्यात दर चौरस डेसिमीटरला, म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात, सुमारे ३,६०० गाठी आहेत. एवढ्या सफाईची वस्तू ही कोणत्याही कलेची पहिली पायरी असू शकत नाही. तुर्कमेनिस्तानच्या नैर्ऋत्येकडील सुंबार नदीच्या खोऱ्यात कांस्ययुगीन स्त्रियांच्या थडग्यांत सापडलेल्या वाकड्या पात्याच्या सुऱ्या गाठीचा धागा कापण्यासाठी असाव्यात असे उत्खनन करणाऱ्यांनी सुचवले आहे. तरीही पाझिरिकपासून तुर्कमेन तंबूपर्यंत एक सरळ रेघ ओढण्याचा मोह टाळणे बरे, कारण मधल्या दोन हजार वर्षांतली लोकर मातीत आणि कसरीच्या पोटात गेली आहे.

विणण्याची साधने पाहिली म्हणजे भटक्या जीवनाशी या कलेचे असलेले नाते स्पष्ट होते. तुर्कमेन माग उभा नसून आडवा असतो: जमिनीत चार खुंट्या ठोकून त्यांना दोन लाकडी दांडे बांधतात, त्या दांड्यांमध्ये उभे धागे, म्हणजे ताणा, ताणतात, आणि विणणारी स्त्री तयार झालेल्या कापडावर बसून पुढे सरकत जाते. मुक्काम हलवायचा झाला तर खुंट्या उपटून अर्धवट कामासह सारा माग गुंडाळता येतो व उंटावर लादता येतो. ताणा, ज्याला तुर्कमेन ‘एरीश’ म्हणतात, आणि आडवा धागा किंवा बाणा, ज्याला ‘अर्गाच’ म्हणतात, हे दोन्ही बहुधा लोकरीचेच असत. चौदोरांच्या कामात मात्र बाण्यामध्ये सुती धागा आढळतो. ताण्याच्या दोन-दोन धाग्यांवर रंगीत लोकरीची एकेक गाठ मारून तिची टोके सुरीने कापायची, गाठींची एक ओळ पुरी झाली की बाणा घालायचा, ‘दराक’ नावाच्या जड फणीने तो ठोकून बसवायचा आणि कात्रीने लव एकसारखी छाटायची, असा हा क्रम महिनोन्‌महिने चाले. गाठीचे दोन मुख्य प्रकार आहेत. सममित गाठीत धागा दोन्ही ताण्यांना वेढा घालतो आणि त्याची दोन्ही टोके त्यांच्या मधून वर येतात; असममित गाठीत तो एका ताण्याला पूर्ण वेढा घालतो व दुसऱ्याच्या केवळ मागून जातो, त्यामुळे एक टोक डावीकडे किंवा उजवीकडे मोकळे राहते. सारिक स्त्रिया प्रामुख्याने सममित गाठ मारीत, तेक्के स्त्रिया उजवीकडे उघडणारी असममित, तर सालोर स्त्रिया डावीकडे उघडणारी. नक्षी पाहून उसनी घेता येते, पण गाठ मारायची सवय बोटांत बालपणीच बसते आणि आईकडून मुलीकडे जाते. म्हणूनच नक्षीने फसवलेल्या अभ्यासकांना पुष्कळदा पालथी बाजू पाहूनच खरी टोळी सांगता आली.

नक्षी कागदावर काढलेली नसे. आर्मिन वाम्बेरी हा हंगेरियन पंडित १८६३ मध्ये दरवेशाचा वेष घेऊन या प्रदेशातून गेला. अनेक मुली व बायका मिळून गालिचा विणीत असताना एक वयस्क स्त्री वाळूत ठिपक्यांनी आकृती काढते आणि तिच्याकडे पाहत कोणत्या रंगाचे किती धागे लागतील ते सांगत जाते, असे वर्णन त्याने केले आहे. इतरांच्या कामाचा हिशेब जिच्या डोक्यात होता अशा त्या स्त्रीचे नाव त्याने दिलेले नाही, आणि एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्या कोणत्याही प्रवाशाने अशी नावे टिपण्याची तसदी घेतल्याचे दिसत नाही. तुर्कमेनांविषयी लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या घोड्यांविषयी, लुटीविषयी, इराणी खेड्यांतून धरून नेऊन खीवा व बुखारा येथे विकलेल्या गुलामांविषयी लिहीत राहिले. तो इतिहास खरा आहे आणि क्रूर आहे. पण त्याच तंबूंमधल्या स्त्रियांनी मागे ठेवलेला पुरावा वाचायला मात्र फार उशिरा सुरुवात झाली.

हा पुरावा वाचायचा तर आधी घर समजून घ्यावे लागते. तुर्कमेनांचा तंबू, म्हणजे ‘ओय’, गोलाकार असे. त्याची भिंत लाकडी पट्ट्यांच्या घडी होणाऱ्या जाळीची, छप्पर वाकवलेल्या काठ्यांचे आणि बाहेरचे आवरण नमद्यांचे असे. अशा घरात कपाट, पेटारा किंवा फडताळ यांना जागा नव्हती आणि उंटाच्या पाठीवर ती सोयीची नव्हती. त्यांचे काम जाळीच्या भिंतीला टांगलेल्या पिशव्या करीत. सर्वांत मोठे पोते म्हणजे ‘चुवाल’, साधारण सव्वा मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच. त्यात कपडे व अंथरूण-पांघरूण ठेवत. ते जोडीने विणले जाई, कारण प्रवासात उंटाच्या दोन्ही बाजूंचा भार सारखा राहावा लागे. तेवढ्याच रुंदीचा पण उंचीने निम्मा असतो तो तोरबा, ज्याच्या खालच्या कडेला बहुतेकदा लांब झालर असे. त्याहून लहान तो ‘मफ्राश’. याखेरीज एकेका वस्तूची स्वतंत्र पिशवी होती: चाती ठेवायची ‘इगसालिक’ आणि मिठाची ‘दुझ-तोरबा’. तंबू मोडल्यावर छपराच्या काठ्या एकत्र बांधून त्यांच्या टोकांवर घालायची निमुळती टोपीसारखी पिशवी, तिचे नाव ‘उक-बाश’, म्हणजे काठीचे डोके. लग्नाच्या किंवा स्थलांतराच्या काफिल्यात या टोप्या घातलेल्या काठ्या उंटाच्या अंगावरून पुढे झुकलेल्या दिसत. टोकदार काठ्यांनाही इतके जपून सजवणाऱ्या समाजात उपयोगाची वस्तू आणि शोभेची वस्तू अशी वाटणी फारशी अर्थपूर्ण नव्हती.

चुवालाची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. संपूर्ण पोते एकाच लांब पट्टीत विणले जाई. दर्शनी अर्ध्या भागात गाठींची लव, मागच्या अर्ध्यात साधी सपाट वीण. मग पट्टी दुमडून दोन्ही बाजू शिवत आणि वरच्या काठाला टांगण्यासाठी दोऱ्या लावत. भिंतीकडे व उंटाच्या अंगाकडे राहणाऱ्या बाजूवर महिन्यांचे कष्ट घालण्याचे कारण नव्हते, आणि दिसणाऱ्या बाजूवर ते घालण्यात कसूरही नव्हती. दर्शनी भागात लाल पार्श्वभूमीवर अष्टकोनी किंवा चौकटीसारख्या आकृत्यांच्या ओळी, भोवती काठ, आणि सर्वांत खाली ‘एलेम’ नावाची एक पट्टी असते, जी कधी कोरी तर कधी फुलझाडांसारख्या आकृत्यांनी भरलेली असते. या पट्टीसाठी ठरीव नियम नव्हता असे दिसते. एकाच टोळीच्या, एकाच काळातल्या चुवालांची मधली नक्षी जवळजवळ सारखी असताना एलेम मात्र प्रत्येकाचा वेगळा आढळतो, आणि परंपरेने जखडलेली मानल्या गेलेल्या या कलेत एकेका स्त्रीची स्वतःची निवड कोठे शोधायची तर येथेच शोधावी लागते.

लहान पिशव्यांवरचे काम बहुतेकदा मोठ्या गालिच्यांपेक्षा बारीक असते. तोरबा कायम डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला असे आणि त्याच्यावर कोणी पाय देत नसे. शिवाय तो मुलीच्या लग्नाच्या सामानातला असल्यामुळे सासरच्या बायका तो हातात घेऊन पाहत. सालोर आणि सारिक स्त्रिया ठळक जागी गडद गुलाबी रेशीम वापरीत, आणि सारिकांनी पांढऱ्या जागांसाठी मुद्दाम सूत वापरले, कारण लोकरीचा पांढरा रंग काळाने पिवळट होतो आणि सुताचा तितका होत नाही.

लग्न हा या विणकामाचा कणा होता. वरपक्ष वधूच्या वडिलांना ‘कलिन’ नावाचे शुल्क देई आणि वधू आपल्या हातचे विणकाम घेऊन येई. लग्न लागल्यानंतर थोड्याच दिवसांनी वधूने पुन्हा माहेरी जाऊन राहायचे, अशी ‘गायतार्मा’ नावाची चाल अनेक टोळ्यांत होती. हा मुक्काम कधी वर्षाहूनही अधिक लांबे, कलिनची बाकी फिटेपर्यंत चाले, आणि त्या अवधीत ती उरलेले सामान विणून पुरे करी. माहेरच्या मागावर, आईच्या देखरेखीखाली, पण सासरच्या तंबूसाठी केलेले हे विणकाम आज संग्रहालयांत दिसणाऱ्या पिशव्यांपैकी कितींवर असेल याचा विचार केला म्हणजे त्या पिशव्यांकडे पाहण्याची नजर बदलते. वधू ज्या उंटावरून मेण्यासारख्या ‘केजेबे’त बसून जाई त्या उंटाच्या दोन्ही कुशींवर ‘अस्मालिक’ लोंबत. हा शब्द टांगणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. अस्मालिक पंचकोनी असतो, जोडीने विणला जातो आणि योमुतांमध्ये त्याचे नमुने सर्वांत अधिक सापडतात. तेक्के टोळीच्या काही मोजक्या अस्मालिकांवर जाळीदार चौकटींत पक्ष्यांच्या ओळी आहेत आणि ते या साऱ्या कलेतले सर्वांत दुर्मीळ नमुने समजले जातात. वरातीचा तो एक दिवस संपला की अस्मालिक तंबूत टांगले जात. उंटाच्या गुडघ्यांनाही झालरीचे पट्टे बांधत. नव्या तंबूच्या दारावर ‘एन्सी’ नावाचा, चार भागांत विभागलेला पडदा आणि त्याच्या वर तिन्ही बाजूंनी चौकट धरणारा ‘कापुनुक’ असे; आत, जाळीची भिंत आणि छपराच्या काठ्या जेथे मिळतात तेथे भोवताली फिरणारा पट्टा कधी पंधरा मीटरपर्यंत लांब असे, ज्याच्या पांढऱ्या सपाट विणीवर तेवढ्या नक्षीपुरतीच लव उठवलेली असते. असा एक पट्टा पुरा होण्यासाठी लागणारा काळ पाहता तो एका मुलीच्या नव्हे तर घरातल्या अनेक बायकांच्या हातांनी झाला असावा असे मानणे योग्य वाटते.

तुर्कमेन विणकामाचा लाल रंग मुख्यतः मंजिष्ठेच्या मुळांतून येतो. ही आयुर्वेदातल्या भारतीय मंजिष्ठेची जवळची वनस्पती असून ती मध्य आशियाच्या ओलिताखालच्या भूभागात पिकवली जाई. तुरटी हे रंगबंधक, म्हणजे रंग धाग्यात पक्का बसवणारे द्रव्य, वापरून आणि पाण्याचा, उकळीचा व वेळेचा मेळ बदलून तिच्यातूनच तेक्क्यांचा विटकरी, योमुतांचा तपकिरी-जांभळट आणि चौदोरांचा जवळजवळ चॉकलेटी लाल साधला जाई. पिवळा रंग ‘इस्पराक’ या रानफुलाचा. निळा मात्र भारतातून येई. हिंदुस्थानची नीळ मुलतान आणि शिकारपूरच्या व्यापाऱ्यांच्या हातून काबूलमार्गे बुखाऱ्यात पोहोचत असे, आणि शहरांतील निळीचे काम बऱ्याच अंशी बुखारी यहुदी रंगाऱ्यांकडे होते. दुसरा भारतीय माल म्हणजे लाख: आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरील किड्यांपासून मिळणारा तिचा किरमिजी रंग जुन्या सालोर व इतर पिशव्यांतील रेशमात आणि लोकरीत रासायनिक तपासणीने ओळखला गेला आहे; पुढे अमेरिकेतून युरोपमार्गे आलेल्या कोकिनील किड्याच्या रंगाने तिची जागा घेतली. बाहेरच्या जगापासून तुटलेला म्हणून वर्णिल्या गेलेल्या वाळवंटी तंबूतल्या एका लहानशा तोरब्यात भारतातली लाख किंवा नीळ आणि अमेरिकेतला किडा असा माल शेजारी येऊन बसावा, ही गोष्ट तुर्कमेनांच्या ‘रानटी एकांता’ची कल्पना खोडून काढायला पुरेशी आहे.

नक्षीतील मुख्य आकृतीला ‘ग्योल’ किंवा ‘गुल’ म्हणतात, आणि या शब्दावरच विसाव्या शतकातला सर्वांत मोठा वाद उभा राहिला. फारसी ‘गुल’ म्हणजे फूल, जो मराठीत गुलाब व गुलदस्ता यांतून आला, परंतु व्ही. जी. मोश्कोवा या सोव्हिएत मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने, जिने तुर्कमेन आणि उझ्बेक खेड्यांत दीर्घकाळ प्रत्यक्ष पाहणी केली, १९४६ मध्ये असे मांडले की ग्योल ही फुलाची आकृती नसून टोळीचे चिन्ह आहे. मोठ्या गालिच्यावर फक्त स्वतःच्या टोळीचा ग्योल विणला जाई, आणि एखादी टोळी जिंकली गेली की तिला जेत्यांचा ग्योल स्वीकारावा लागे व तिचा जुना ग्योल ‘मृत’ होऊन पिशव्यांसारख्या गौण वस्तूंवर उतरे, असा तिचा सिद्धान्त होता. तिचा मोठा ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर १९७० मध्ये ताश्कंदला प्रसिद्ध झाला. सिद्धान्त मोहक आहे, आणि तेक्के गालिच्यावरील रेघांनी जोडलेला चौभागी अष्टकोन पाहिला की तो पटतोही. पण ‘ताउक नुस्का’ नावाची, लहान चतुष्पाद प्राण्यांच्या जोड्या असलेली आकृती योमुत, एरसारी, चौदोर आणि अरबाची या चार टोळ्यांत सारखीच आढळते, आणि सालोरांचा म्हणून ओळखला जाणारा ग्योल कित्येक टोळ्यांच्या चुवालांवर आहे. वॉशिंग्टनच्या टेक्सटाइल म्युझियमने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुर्कमेन विणकामावरील ग्रंथात जॉन थॉम्पसन आणि लुईझ मॅकी यांनी भर दिला तो गाठ, ताण्याची ठेवण आणि रंग यांवर. नक्षीवरून टोळी ठरवण्याची जुनी रीत त्यामुळे मागे पडली. मोश्कोवाची माहिती आजही अमोल आहे; मात्र तिच्या मांडणीत राजकीय जय-पराजयाला जे महत्त्व मिळाले ते विणणाऱ्या हातांच्या सवयींना मिळाले नाही, आणि पिशवीला गौण ठरवण्यात तर तिची स्पष्ट चूक झाली, असे म्हणावे लागते.

जय-पराजय नव्हते असे मात्र नाही. १८३२ मध्ये इराणचा युवराज अब्बास मिर्झा याने सरख्स येथे सालोरांचा मोड केला. त्यानंतर ही टोळी विखुरली आणि तिची वैशिष्ट्यपूर्ण, ताठ पोताची वीण हळूहळू नाहीशी झाली. १८५० च्या दशकात तेक्क्यांनी सारिकांना मर्वमधून हुसकले व ते मुर्गाबच्या वरच्या अंगाला, पेंदे भागात सरकले. मग रशिया आला. जानेवारी १८८१ मध्ये सेनापती स्कोबेलेव याने ग्योक-तेपे येथील तेक्क्यांचा मातीचा किल्ला सुरुंगाने उडवला. पळणाऱ्या हजारो माणसांची, त्यांत बायकामुलांचीही, कत्तल झाली आणि सैनिकांना लुटीची मोकळीक मिळाली. तंबूंत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले विणकाम मोठ्या प्रमाणावर बाहेर पडले ते येथून. १८८४ मध्ये मर्व रशियाच्या ताब्यात गेले, १८८५ मध्ये सारिकांच्या पेंदे येथे रशियन व अफगाण फौजांची चकमक झाली, आणि हिंदुस्थानवर रशियाची स्वारी येणार या धास्तीने इंग्रज सरकारने युद्धाची तयारी चालवली. त्या साऱ्या धामधुमीत पेंद्याच्या विणकरणींचे काय झाले याची नोंद कोणत्याही सरकारी खलित्यात नाही.

रेल्वेने जे केले ते तोफांनी केले नव्हते. कास्पियनच्या काठावरून १८८० मध्ये सुरू झालेला लोहमार्ग १८८६ मध्ये मर्वला आणि १८८८ मध्ये समरकंदला पोहोचला. त्याच्याबरोबर व्यापारी आले, रोख कर आले आणि युरोपातील कारखान्यांचे स्वस्त कृत्रिम रंग आले, ज्यांपैकी काही पाण्याने पसरत आणि काही उन्हाने उडत. माहेरच्या मागावर घरासाठी विणलेली वस्तू आता विक्रीसाठी विणली जाऊ लागली. विकत घेणाऱ्याला चुवालाच्या मागच्या बाजूचा, दोऱ्यांचा, झालरीचा उपयोग नव्हता. पोत्याची शिवण उसवून पाठ कापून टाकायची आणि पुढचा भाग लहान गालिचा म्हणून, उशीचा अभ्रा म्हणून किंवा बैठकीचे आच्छादन म्हणून विकायचा, ही रीत पडली, आणि युरोपातील दिवाणखान्यांत हजारो तुर्कमेन पिशव्या अशा रीतीने पिशवीपण हरवून पोहोचल्या. दारावरच्या एन्सीच्या चार भागांत व्यापाऱ्यांना क्रूस दिसला आणि त्यांनी तिला आर्मेनियन शब्दावरून ‘हाचली’, म्हणजे क्रूसवाली, हे नाव दिले. विणणाऱ्या मुसलमान स्त्रियांच्या मनात तो अर्थ असण्याचे कारण नव्हते.

याच काळात काही माणसांनी हे विणकाम जपून नोंदवलेही. ट्रान्सकास्पियन प्रांताचा प्रमुख जनरल बोगोल्युबोव याने जमवलेला संग्रह आणि १९०८-०९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निघालेला त्याचा रंगीत चित्रांचा ग्रंथ यांनी टोळ्यांनुसार वर्गीकरणाचा पाया घातला, तर चित्रकार व छायाचित्रकार सॅम्युएल दुदिन याने १९०० ते १९०२ या वर्षांत मध्य आशियात फिरून संग्रहालयासाठी वस्तू गोळा केल्या. गालिच्यांचा दर्जा नव्या रंगांमुळे कसा घसरत आहे याविषयीची त्यांची तळमळ खरी होती. तरी बोगोल्युबोव ज्या राज्यसत्तेचा अधिकारी होता तिच्याच रेल्वेने हे रंग आणले होते.

सोव्हिएत काळात टोळ्यांना शेतीच्या सामुदायिक वसाहतींत स्थिरावण्यात आले; तंबूची जागा मातीविटांच्या घराने घेतली, लोखंडी पेट्या व कपाटे आली, आणि चुवालाचे प्रयोजनच संपले. विणकाम कारखान्यांत गेले, जेथे स्त्रिया पगारावर मोठे गालिचे आणि नेत्यांची चित्रे विणू लागल्या. १९२० नंतर सीमा ओलांडून अफगाणिस्तानात गेलेल्या एरसारी कुटुंबांनी अंदखोई आणि आक्चा भागात धंदा टिकवला, आणि १९७९ नंतर त्यांतलेच अनेक जण पेशावरच्या निर्वासित छावण्यांत माग मांडून बसले. स्वतंत्र तुर्कमेनिस्तानच्या १९९२ मध्ये स्वीकारलेल्या ध्वजावर पाच ग्योलांची उभी पट्टी आहे, मे महिन्याचा शेवटचा रविवार तेथे गालिचादिन म्हणून पाळला जातो आणि २०१९ मध्ये युनेस्कोने तुर्कमेन गालिचाकलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. अश्गाबातच्या राष्ट्रीय गालिचा संग्रहालयात २००१ मध्ये विणलेला ३०१ चौरस मीटरचा गालिचा टांगलेला आहे. त्या आकाराच्या वस्तूला तंबूच्या जगात जागा नव्हती; तेथे मोजमाप माणसाच्या हाताचे आणि उंटाच्या कुशीचे होते.

अखंड चुवाल आता क्वचितच सापडतो. जे थोडे टिकले आहेत त्यांची जुनी दुर्लक्षित पाठ अलीकडचे अभ्यासक लक्षपूर्वक पाहतात: बहुतेकदा साध्या विणीची, कधी दोन-चार बारीक रंगीत पट्ट्यांची, वरच्या कडेजवळ दोऱ्यांच्या ताणाने विरलेली आणि खालच्या कोपऱ्यांना, जेथे पोते उंटाच्या कुशीवर घासत राहिले तेथे, जाड काळ्या लोकरीने पुन्हा सांधलेली.